एसयू एचएस-४ चं रिबिल्ड किट: डब्यातलं सगळं बसवायचं नसतं

एसयू एचएस-४ हा जुन्या गाड्यांतला कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, आणि तो घरी उघडून दुरुस्त करायच्या सुट्या भागांच्या किटबद्दल हे लिहिते आहे. आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. किट घ्या. पण नुसतं गॅस्केट किट नको, स्पिंडल-जेट-नीडलसकट पूर्ण किट घ्या (ज्यांच्या स्पिंडलला खेळ नाही त्यांचं शेवटी सांगते). आणि पैसे मोजलेत म्हणून डब्यातली प्रत्येक वस्तू गाडीवर चढलीच पाहिजे असा हट्ट धरू नका. माझ्या डब्यातल्या बऱ्याच वस्तू बसल्या, काही परत डब्यात गेल्या, आणि त्यांच्या जागी मूळचेच भाग साफ करून लावले. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण मला याच एका विक्रेत्याचं गाऱ्हाणं गायचं नाही. कुणाचंही किट आलं तरी ते पारखून कसं घ्यायचं, हे सांगायचं आहे.

गाडी एमजीबी, १९६७ ची. १७९८ सीसीचं इंजिन, त्यावर दीड इंची दोन एचएस-४ कार्ब्युरेटर, नीडल जुन्या पद्धतीची म्हणजे कार्ब्युरेटरच्या पिस्टनमध्ये घट्ट बसणारी. पोटापाण्यासाठी मी दातांच्या कॅप आणि कवळ्या बनवते, त्यामुळे भिंग, उजेड आणि अल्ट्रासॉनिक टाकी हाताशीच असते. मायक्रोमीटर नवऱ्याचा. तो गाडीत फक्त बसतो.

गाडीची तक्रार अशी की आरपीएम हजाराच्या खाली आणले की इंजिन हेलकावे खायचं आणि बंद पडायचं. पुढच्या दोन सिलिंडरचे प्लग पांढुरके, मागच्या दोनचे काळे. या इंजिनात पुढचा कार्ब्युरेटर पहिल्या दोन सिलिंडरना आणि मागचा उरलेल्या दोनना पाजतो, मधे नुसती बॅलन्स नळी, त्यामुळे प्लग असे जोडीजोडीने वेगळे दिसले की बोट सरळ कार्ब्युरेटरकडे दाखवता येतं. तरीही मी आधी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, पॉइंट आणि टायमिंग बघून घेतलं. कार्ब्युरेटरच्या नावाने खपणारे कितीतरी आजार इग्निशनचे असतात, आणि तिथे दोष असेल तर सोन्याचं किट आणलं तरी फरक पडणार नाही.

किट मागवण्याआधी एक परीक्षा जरूर करा. थ्रॉटल स्पिंडलचं (थ्रॉटलची चकती जिच्यावर फिरते त्या आडव्या दांडीचं) टोक चिमटीत धरून वर-खाली हलवा. हाताला खेळ जाणवला, तर इंजिन स्लोवर (पाय न दाबता) चालू ठेवून त्या टोकाशी कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा (गरम एक्झॉस्ट जवळच असतो, आग विझवायचं साधन जवळ हवं). आवाज बदलला म्हणजे तिथून हवा आत ओढली जाते आहे. माझ्याकडे पुढच्याला थोडा, मागच्याला चांगलाच बदलला. याचा अर्थ पुढे सांगते, कारण सगळं दुखणं तिथेच होतं आणि त्याचं औषध कुठल्याच डब्यात नव्हतं.

डबा उघडल्यावर पहिलं मत चांगलं झालं. गॅस्केट कापलेली नीट, भोकं जागच्या जागी, इन्सुलेटर ब्लॉकच्या दोन्ही बाजूंची जाड गॅस्केटसुद्धा दिलेली. रबरी भाग इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारे, असं कागदावर छापलेलं. जुन्या रबराचं इथेनॉलने काय होतं ते माझ्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाटीच्या) बुडाशी दिसलंच: फुगून मऊ पडलेलं आणि नखाला काळं लागत होतं. या बाबतीत नवं ते चांगलं, डोळे मिटून बसवा. फ्लोट व्हॉल्व्ह विटॉनच्या टोकाचे होते, तेही बसवले आणि मागच्या कार्ब्युरेटरचं ठिबकणं थांबलं. फ्लोटची पातळी मात्र व्हॉल्व्ह बदलला की पुन्हा लावावीच लागते. झाकण उलटं धरायचं, म्हणजे फ्लोटचा दांडा व्हॉल्व्हवर टेकतो, आणि दांडा व झाकणाची कड यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. त्या जाडीचं ड्रिल बिट आडवं सरकवलं की झालं. बाकी गॅस्केट-वॉशरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता जेट आणि नीडल. एसयूचा जीव इथे आहे, आणि किट खरं-खोटं इथेच कळतं.

ज्यांनी फक्त वेबर किंवा सोलेक्स हे दुसऱ्या बनावटीचे कार्ब्युरेटर उघडले आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. एसयूत ठरावीक मापाच्या जेटांची रांग नसते. एकच जेट असतो, एचएस-४ मध्ये ०.०९० इंची, आणि त्यात वर-खाली होणारी निमुळती नीडल. इंजिनाने हवा जास्त ओढली की पिस्टन वर उचलला जातो, त्याबरोबर नीडल वर येते, जेटमधली फट वाढते, पेट्रोल वाढतं. हवा आणि पेट्रोल दोन्ही एकाच हालचालीने. (अगदी सुरुवातीच्या एसयूत पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. एसयू काढणारं स्किनर घराणं मूळचं बुटांच्या धंद्यातलं, चामड्याची कमी कसली! १९१० च्या आसपासच्या त्या भात्यापासून माझ्या गाडीतल्या पिस्टनपर्यंत मूळ कल्पना तीच राहिली.) तेव्हा या जेटचा गोलपणा गेला किंवा नीडलचा निमुळतेपणा चुकला तर बाकी काहीही करा, गाडी सुधारत नाही.

जुना जेट भिंगाखाली धरला. नुसत्या डोळ्यांना भोक गोलच दिसत होतं. दहापट मोठं केल्यावर एका कडेला चंद्रकोरीसारखी झिजलेली चकाकी दिसली, आणि नीडलवर बरोबर त्याच बाजूला लांबट घासल्याची रेघ. म्हणजे कुणीतरी कधीकाळी जेट मध्यावर न आणताच नट आवळला होता आणि नीडल वर्षानुवर्षं पितळ खात बसली होती. अशा जेटला स्क्रूवर कितीही फिरवा, स्लोला लीन (पेट्रोल कमी) केला तर वरच्या वेगात उपाशी, वर बरोबर केला तर स्लोला रिच (पेट्रोल जास्त).

तेव्हा जेट नवे हवेच होते. किटमधल्या जेटांचं काम सुबक, तोंडाशी बूर नाही, भोक गोल. पण दोन्ही जेट एकाच हाताचे निघाले. एचएस जेटला खालून नायलॉनची नळी असते, ती फ्लोट चेंबरला जाते, आणि जोडीच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट चेंबर विरुद्ध बाजूंना असल्यामुळे पुढच्या आणि मागच्या जेटची नळी वेगळी वळते. एकाच हाताचे दोन दिले तर एक नळी पिळवटून बसवावी लागते. बसतेही, पण नळीला पीळ पडला की जेट तिरका ओढला जातो आणि चोक सोडल्यावर पुरता वर जात नाही. विक्रेत्याला फोटो पाठवला, जेट बदलून मिळाला, कुरकुर न करता. जोडीचं किट म्हणून विकताना हे मुळात तपासायला नको का, एवढंच माझं म्हणणं. तुम्ही डबा हातात आल्यावर आधी हेच बघा, मग सील फोडा.

नळी बसवतानाची एक गोष्ट किटच्या कागदावर नव्हती: फ्लोट चेंबरच्या बाजूला रबरी ग्रंथी (नळीभोवतीची, गळती रोखणारी रिंग) आणि वॉशर चढवल्यावर नळीचं टोक निदान ५ मिलिमीटर पुढे दिसलं पाहिजे. कमी राहिलं तर नट आवळताना ग्रंथी घसरते आणि पेट्रोल गळतं, तेही नेमकं एक्झॉस्टच्या वर.

नीडलबाबत माझं मत कडक आहे. एसयू नीडलवर अक्षरी किंवा आकडी कोड कोरलेला असतो आणि प्रत्येक कोडची मापं खांद्यापासून दर अष्टमांश इंचावर ठरलेली असतात. ०.०९० जेटच्या बहुतेक नीडली पहिल्या ठिकाणी ०.०८९ इंच असतात, फरक पुढे पडत जातो. किटमधल्या दोन्ही नीडलींवर कोड बरोबर होता. मायक्रोमीटर लावला तर एक ठीक, दुसरी मधल्या काही ठिकाणी पहिलीपेक्षा जाड. इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपासचाच फरक, पण ही नीडल बदलली जाते तीसुद्धा एवढ्याच फरकांसाठी. शिवाय एकाच इंजिनावरच्या दोन कार्ब्युरेटरमध्ये दोन जाडीच्या नीडली असल्या तर तुम्ही आयुष्यभर ट्यूनिंग करत बसाल. त्या दोन्ही बाजूला ठेवल्या आणि नीडली बर्लेन या कंपनीकडच्या मागवल्या, एसयू हे नाव आज त्यांच्याकडे आहे. त्या दोन्ही एकमेकींशी तंतोतंत जुळल्या. किटमधली नीडल मोजायची सोय नसेल तर नीडलीपुरता हा वेगळा खर्च कराच.

नीडल पिस्टनमध्ये बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या खालच्या सपाटीला अगदी लेव्हल हवा. मी स्टीलची पट्टी आडवी टेकवून बघते. नखाने चाचपून चालणार नाही.

मग जेट मध्यावर आणणं. या घट्ट नीडलवाल्या कार्ब्युरेटरमध्ये ते हातानेच करावं लागतं (नंतरच्या, स्प्रिंगने एका कडेला टेकणाऱ्या नीडलीत ही भानगड नाही). जेटचा मोठा नट जरासा ढिला, जेट पूर्ण वर, डॅम्परच्या (पिस्टनची हालचाल मंदावणाऱ्या, तेलातल्या दांड्याच्या) भोकातून पेन्सिलीने पिस्टन हळूच खाली दाबून धरायचा आणि नट आवळायचा. मग पिस्टन बोटाने उचलून सोडायचा. पुलावर (जेट जिथे उघडतो त्या उंचवट्यावर) आपटल्याचा स्वच्छ, धातूचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आता जेट खाली करून पुन्हा सोडा. दोन्ही वेळा आवाज सारखा आला तर जेट मध्यावर आहे. खाली केल्यावर आवाज जास्त खणखणीत आला तर नीडल अजून कुठेतरी घासते आहे, पुन्हा सोडा, पुन्हा आवळा. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. मी रात्री घरातलं सगळं शांत झाल्यावर केलं, कारण खरी परीक्षा कानाची आहे.

पिस्टन आणि त्यावरचा घुमटासारखा डॅशपॉट यांना किटमध्ये पर्याय नसतो, आणि नसावाच. ती जोडी कारखान्यात एकमेकांना जुळवलेली असते. पुढचा डॅशपॉट मागच्या पिस्टनवर घालू नका, खुणा करून ठेवा, आणि आतून पॉलिश पेपर तर मुळीच मारू नका. त्या बारीक फटीवरच सगळा कारभार चालतो. फट योग्य राहिली आहे का ते तपासायची पद्धत सोपी आहे: पिस्टनची हवेची भोकं चिकटमातीने बुजवा, डॅम्पर लावा, सगळं उलटं धरा आणि डॅशपॉट पिस्टनवरून किती वेळात खाली घसरतो ते मोजा. दीड इंचीला ५ ते ७ सेकंद, सव्वा इंचीला ३ ते ५. माझे दोन्ही पास झाले, तेव्हा हायसं वाटलं, कारण नापास झाले असते तर किटची किंमत विसरा.

साफसफाईबद्दल: अल्ट्रासॉनिक टाकी छान काम करते, पण अल्कली जास्त असलेला साबण त्यात टाकला तर कार्ब्युरेटरच्या बॉडीचा मिश्रधातू काळा पडतो आणि खडबडीत होतो. सौम्य द्रावण, थोडा वेळ, लगेच गरम पाण्याने धुणं आणि हवेने वाळवणं. नायलॉन-रबर आधीच काढलेलं असावं. टाकी नसेल तर पेट्रोल आणि जुना टूथब्रश, तेवढाच चांगला परिणाम, फक्त हात दुखतात.

आता स्पिंडल. किटमध्ये नवे स्पिंडल, नव्या चकत्या आणि चिरलेल्या टोकाचे पितळी स्क्रू होते. जुने स्क्रू काढताना त्यांची पसरलेली टोकं आधी पकडीने जवळ आणा, नाहीतर स्पिंडलचे आटे फाटतात. नवं स्पिंडल पुढच्या बॉडीत घातलं: गुळगुळीत, खेळ जवळजवळ गेला. मागच्या बॉडीत तेच स्पिंडल घातलं तर डगडग तशीच. म्हणजे झिजलं होतं ते बॉडीतलं भोक, आणि भोक कुठल्या डब्यात मिळत नाही.

या जाहिरातींचा राग येतो तो इथे. ‘नव्यासारखा कार्ब्युरेटर’ असं छापतात आणि आत स्टॅण्डर्ड मापाचं स्पिंडल देतात. ज्याच्या बॉडीची भोकं शाबूत आहेत त्याला त्या स्पिंडलची फारशी गरज नसते, आणि ज्याला गरज आहे त्याचं त्याने भागत नाही. स्पिंडलमधून हवा शिरली की स्लोला, जेव्हा मॅनिफोल्डची (कार्ब्युरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांची) ओढ खूप असते, मिश्रण लीन होतं. मग माणूस काय करतो? जेटचा नट फिरवून रिच करतो, स्क्रू फिरवून आरपीएम वाढवतो, आणि वरच्या वेगात गाडी काळा धूर सोडते. माझ्या काळ्या प्लगचं मूळ हेच होतं.

उपाय दोन. भोकं थोडी मोठी करून ०.०१० इंचाने जास्त जाड, ओव्हरसाइझ स्पिंडल घालायचं, किंवा भोकं आणखी मोठी करून बुश (भोकात बसणाऱ्या आखूड नळ्या) ठोकायचे आणि स्टॅण्डर्ड स्पिंडल वापरायचं. मी बुशचा मार्ग घेतला. पण दोन्हीत मेख एकच: समोरासमोरची दोन भोकं एका रेषेत राहिली पाहिजेत. हँडड्रिलने हे घरी जमतं असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. भोक केसभर तिरकं गेलं तर थ्रॉटलची चकती अडकते, आणि अडकलेला थ्रॉटल म्हणजे काय ते गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. बॉडी लेथवाल्याकडे दिली, सोबत किटमधलं नवं स्पिंडल दिलं आणि त्याच मापाला दोन्ही बुश एका फेरीत रीम करून (आतून नेमक्या मापाला कोरून) घेतले. ‘घरी रिबिल्ड’ या शब्दांत हे एक काम मी धरत नाही.

किटमधल्या चकत्या मात्र मी वापरल्या नाहीत. त्यांच्यावर छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह होता, उतारावर थ्रॉटल बंद असताना थोडं मिश्रण आत सोडणारा, प्रदूषणाचे नियम आल्यानंतरचा. माझ्या गाडीच्या मूळ चकत्या साध्या आहेत. तो व्हॉल्व्ह जरा गळायला लागला की आरपीएम खाली येतच नाहीत, म्हणून लोक तो डाख देऊन बंद करतात. मग बसवायचा कशाला? जुन्याच चकत्या, त्याच बाजूने, त्याच कार्ब्युरेटरमध्ये. स्क्रू पूर्ण आवळण्याआधी थ्रॉटल बंद करून चकती आपोआप मध्यावर येऊ द्या, उजेडासमोर धरून कडेने सारखी फट आहे ना ते बघा, आणि मग आवळून टोकं पसरवा. टोकं पसरायला विसरलात तर तो स्क्रू इंजिनात जाऊ शकतो.

पिस्टनच्या स्प्रिंगाही किटमध्ये होत्या. लाल रंगाची, साडेचार औंसाची, माझ्या गाडीला हीच लागते. जुन्या तपासल्या, ताण सारखा होता, नव्या डब्यात ठेवल्या.

जोडणी झाल्यावर डॅशपॉटमध्ये साधं एसएई २० तेल, पोकळ दांड्याच्या तोंडाच्या साधारण अर्धा इंच वर. जेट पुलाशी लेव्हल करून तिथून नट बारा पैलू, म्हणजे दोन फेरे, खाली. इंजिन गरम झालं की आधी दोघांचा श्वास सारखा करायचा, रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि एक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, फुसफुस सारखी येईपर्यंत. मग मिश्रण. खालची पिन दाबून पिस्टन मिलिमीटरभरसुद्धा नाही, जेमतेम उचलायचा: आरपीएम क्षणभर किंचित वाढून पुन्हा बसले तर बरोबर, वाढून तसेच राहिले तर रिच, इंजिन मरायला लागलं तर लीन. किटच्या कागदावर हे सगळं एका परिच्छेदात, इतक्या बारीक टायपात होतं की मला माझं कामाचं भिंग लावावं लागलं. सुटे भाग वेगवेगळे दाखवणारं चित्र तर टपाल तिकिटाएवढं. कागद सुधारा, एवढी विनंती विक्रेत्याला कळवली आहे.

परिणाम: स्लो आठशेवर स्थिर, चारही प्लग बदामी, चोक लवकर ढकलता येतो, गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास नाही. दुसऱ्या गिअरमध्ये कमी वेगातून पाय दाबला की पूर्वी जो डचका बसायचा तो गेला.

रबर, गॅस्केट, फ्लोट व्हॉल्व्ह यांना पाचपैकी पाच. जेटला चार, हाताची चूक नसती तर पाच. नीडलला एक. स्पिंडल चांगलं, पण जाहिरातीला शून्य. ज्यांच्या स्पिंडलला खेळ नाही त्यांनी पूर्ण किटच्या ऐवजी सर्व्हिस किट (गॅस्केट, रबर आणि फ्लोट व्हॉल्व्हचं) आणि वेगळे जेट-नीडल घ्यावेत, स्वस्त पडेल आणि निम्मा डबा उरणार नाही.

मागवताना गाडीचं मॉडेल आणि साल एवढ्यावर विसंबू नका, पन्नास-साठ वर्षांत कुणी कुठल्या गाडीचा कार्ब्युरेटर कुठे चढवला असेल सांगता येत नाही. फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर एयूडीने सुरू होणारा क्रमांक असतो, तो द्या. पट्टी हरवलेली असेल तर तोंडाचा व्यास मोजा, नीडल काढून तिच्यावरचा कोड वाचा, नीडल घट्ट आहे की स्प्रिंगची ते बघा, आणि या तीन गोष्टी विक्रेत्याला लिहून कळवा.